मेंदूचा फोटो काढणारा मोनिझ

पळस्पे फाट्यावरून सुरू होणारा मुंबई-गोवा हायवे पनवेलकरांना काही वेगळा सांगायला नको. पेण, माणगाव, महाड, चिपळूण, कणकवली, सावंतवाडी करत, पाठीचे मणके मोजत तुम्ही एकदा तरी पणजीला पोचला असाल. तिथे मांडवीच्या काठाला, जुन्या सचिवालयाच्या शेजारी एक विचित्र पुतळा आहे. झग्यातला एक पाद्री हात पसरून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक बाई मागे कोसळते आहे. भुताखेताचं काहीतरी असावं, असं समजून लोक सेल्फी काढतात आणि कॅसिनोच्या बोटींकडे वळतात.

हा पाद्री म्हणजे अबे फारिया. जन्म १७५६ चा, कांदोळीचा. हा गोंयकार पॅरिसला गेला आणि तिथे भर सभेत लोकांना संमोहित करून दाखवू लागला. संमोहन करणाऱ्याच्या अंगात कसलीतरी चुंबकीय शक्ती असते, असं तेव्हा भलेभले मानायचे. फारियाने सांगितलं की तसं काही नसतं, जे घडतं ते झोपणाऱ्याच्याच मनात, त्याला दिलेल्या सूचनेमुळे घडतं. १८१९ मध्ये तो पॅरिसमध्येच वारला आणि जग त्याला जवळजवळ विसरून गेलं. पुढे १९२५ मध्ये लिस्बनच्या एका न्यूरॉलॉजीच्या प्राध्यापकाने त्याच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि संमोहनाच्या इतिहासातली त्याची जागा त्याला परत मिळवून दिली. हे प्राध्यापक म्हणजे एगास मोनिझ. हे पुस्तक आलं त्यानंतर दोनच वर्षांत त्यांनी जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा पहिला एक्स-रे काढला.

तुमच्यातले जे कामोठ्याच्या एमजीएममध्ये किंवा आणखी कुठे एमबीबीएसच्या वरच्या वर्षांना आहेत, त्यांना इलेक्टिव्ह हा प्रकार माहीत असेल. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात तो आला. ठरावीक आठवडे आपल्या आवडीच्या विभागात जाऊन काम बघायचं, शिकायचं. त्यात कुणी रेडिओलॉजी निवडली आणि मेंदूचे सीटी, एमआरआय, अँजिओ बघत बसायचं ठरवलं, तर मोनिझ यांच्या कामाशी गाठ पडतेच. नाव कुणी सांगेलच असं नाही. कवटीच्या तळाशी कॅरोटिड धमनी जिथे इंग्रजी एस अक्षरासारखी वळते, तिला कॅरोटिड सायफन म्हणतात ना? ते नाव त्यांनीच दिलेलं. बाकीच्या इंजिनीअरिंग-कॉमर्सवाल्यांनी पान उलटू नका. या गोष्टीत द्वंद्व आहे, गोळीबार आहे, नोबेल आहे आणि त्या नोबेलवरून आजही चालू असलेलं भांडण आहे.

मोनिझ यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८७४ चा, पोर्तुगालमधल्या अवांका नावाच्या गावातला. घराणं जुनं, जमीनदार, पण उतरती कळा लागलेलं. खरं आडनाव वेगळंच होतं. एगास मोनिझ हा त्यांच्या इतिहासातला बाराव्या शतकातला एक वीर, शब्दासाठी जीव द्यायला निघालेला. पाद्री असलेल्या काकांनी कौतुकाने ते नाव पुतण्याला चिकटवलं. आपल्याकडे पोराचं नाव तानाजी ठेवावं तसंच म्हणा. याच काकांनी त्याला शिकवलं, वाढवलं. पुढे कोइंब्रा विद्यापीठात डॉक्टरकी आणि मग फ्रान्समध्ये, बोर्दो आणि पॅरिसला, न्यूरॉलॉजीचं शिक्षण. बाबिन्स्कींसारखे गुरू मिळाले. हो, तेच. तळपायाला काडी ओढल्यावर अंगठा वर जातो ती बाबिन्स्की साइन.

ऐन पंचविशीच्या आसपास गाऊटने हात धरले. बोटांचे सांधे सुजून वाकडे होत गेले. म्हणजे पुढे ज्या शस्त्रक्रियांसाठी हा माणूस जगभर ओळखला गेला, त्या त्यांच्या हातून झालेल्याच नाहीत. हात दुसऱ्याचे होते. ते कुणाचे, ते पुढे येईल.

१९११ मध्ये लिस्बनला न्यूरॉलॉजीचं नवं अध्यासन निघालं आणि मोनिझ तिथे प्राध्यापक झाले. पण त्या काळात त्यांचा जीव राजकारणात जास्त होता. संसदेत सदस्य, मग स्पेनमध्ये राजदूत, मग १९१८ मध्ये थेट परराष्ट्रमंत्री. पहिलं महायुद्ध संपल्यावर पॅरिसला शांतता परिषद भरली तेव्हा पोर्तुगालचं शिष्टमंडळ घेऊन हेच गेले. दरम्यान ज्यांच्या सरकारात ते मंत्री होते, त्या अध्यक्ष सिदोनियो पाइश यांचा डिसेंबर १९१८ मध्ये लिस्बनच्या रेल्वे स्टेशनात खून झाला. वारं फिरलं. राजकीय भांडणातून मोनिझ यांच्यावर चक्क द्वंद्व लढायची वेळ आली. त्यानंतर त्यांनी राजकारणाला रामराम ठोकला. वय पंचेचाळीसच्या घरात. करिअर संपलं, असं कुणालाही वाटावं असं हे वय.

आता जरा कल्पना करा. तुम्ही १९२० सालचे डॉक्टर आहात. समोर तरुण पेशंट आहे. डोकं दुखतंय, उलट्या होतायत, एका डोळ्याने दिसेनासं झालंय. आत गाठ आहे हे तुम्हाला कळतं, पण कुठे? एक्स-रे काढला तर कवटी दिसते. मेंदू दिसतच नाही, कारण एक्स-रेच्या दृष्टीने मेंदू, त्यातलं रक्त आणि आजूबाजूचं पाणी यांत जवळपास फरकच नसतो. सगळं एकसारखं राखाडी. सर्जनने कवटी उघडायची ती अंदाजाने. चुकीच्या बाजूला उघडली तर संपलं.

यावर अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी १९१८-१९ मध्ये एक उपाय काढला होता. मेंदूभोवतीचं आणि आतल्या पोकळ्यांमधलं पाणी काढून तिथे हवा भरायची. हवेतून एक्स-रे सहज जातात, त्यामुळे पोकळ्यांचा आकार दिसतो आणि कुठली पोकळी दबलीय त्यावरून गाठीचा माग काढता येतो. डोकं भारी होतं डँडींचं, पण पेशंटचे हाल विचारू नका. प्रचंड डोकेदुखी, ओकाऱ्या, आणि काही जणांच्या जिवावरही बेतायचं.

मोनिझ यांनी उलटा विचार केला. पोकळ्या कशाला, रक्तवाहिन्याच दाखवूया. झाडाच्या फांद्या सगळ्यांच्या साधारण एकाच नकाशात पसरलेल्या असतात. मध्ये गाठ वाढली की फांद्या बाजूला ढकलल्या जातात. म्हणजे रक्तात असं काहीतरी मिसळायचं की जे एक्स-रे अडवेल, आणि क्षणभरासाठी फांद्या पांढऱ्या उमटतील. बोलायला सोपं. पण ते द्रव्य एक्स-रे अडवण्याइतकं जड हवं, रक्तात विरघळणारं हवं, आणि मेंदूकडे जाताना त्याने पेशंटला मारता कामा नये.

इथून पुढचं काम मला या माणसाच्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम वाटतं. आधी ब्रोमाइडचे क्षार घेतले, मग आयोडाइडचे. वेगवेगळ्या तीव्रतेची द्रावणं करून एक्स-रेखाली ठेवून बघितली. कुत्र्यांवर प्रयोग केले. शवागारातल्या मृतदेहांच्या डोक्यांत द्रावणं सोडून मेंदूच्या धमन्यांचे नकाशे काढले, म्हणजे नॉर्मल काय दिसतं हे आधी पाठ. मग माणसं. त्यांच्यासोबत पेद्रु अल्मेदा लिमा नावाचा पोरगेलासा डॉक्टर होता, १९०३ चा जन्म, म्हणजे तेव्हा जेमतेम चोविशीचा. मोनिझ यांची बोटं चालत नव्हती म्हणून गळ्यावर चीर द्यायची, धमनी मोकळी करायची, सुई घालायची हे सगळं लिमा करायचे. तुमच्या वयाचं कुणीतरी त्या खोलीत होतं, एवढं लक्षात ठेवा.

पहिले प्रयत्न फसले. ब्रोमाइड दिलेल्या पेशंटपैकी एक जण दगावला. मोनिझ थांबले, ब्रोमाइड सोडलं आणि आयोडाइडकडे वळले. २८ जून १९२७. लिस्बनचं सांता मार्ता हॉस्पिटल. वीस वर्षांचा मुलगा, मेंदूच्या तळाशी पिट्युटरीची गाठ, दृष्टी गेलेली. कॅरोटिड धमनी क्षणभर बांधून तिच्यात सोडियम आयोडाइडचं २५ टक्क्यांचं काही मिलिलिटर द्रावण सोडलं आणि त्याच क्षणी फोटो घेतला. काचेवर पांढऱ्या रेघा उमटल्या. फांद्या होत्या आणि गाठीने त्या ढकललेल्याही दिसत होत्या. नऊ दिवसांनी, ७ जुलैला, मोनिझ पॅरिसच्या न्यूरॉलॉजी सोसायटीत ती चित्रं दाखवत उभे होते. समोर त्यांचे जुने गुरू बाबिन्स्की बसलेले.

तेव्हा वय बावन्न.

पुढच्या काही वर्षांत लिस्बन हे या विद्येचं केंद्र झालं. पेरेरा काल्दास या त्यांच्या सहकाऱ्याने एकामागून एक झटपट फिल्म बदलणारं फिरतं यंत्र बनवलं, त्यामुळे रक्त धमन्यांतून शिरांत कसं जातं याचे टप्पे दिसू लागले. रेनाल्दू दुश सांतुश यांनी १९२९ मध्ये हीच कल्पना पोटातल्या महाधमनीवर वापरली. आज कुणाच्या काकांची अँजिओग्राफी होते, पेशंटला स्ट्रोक आल्यावर डीएसए करतात, सीटी अँजिओत रंग देतात, त्या सगळ्याचं कूळ इथलं. द्रव्यं बदलली, कितीतरी सुरक्षित झाली, पण त्यांतला एक्स-रे अडवणारा अणू आजही आयोडिनच आहे. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनरखाली पहिला पेशंट गेला. तोवरची चाळीसेक वर्षं जगभरच्या न्यूरोसर्जनना आतली वाट दाखवायला डँडींची हवा आणि मोनिझ यांच्या रेघा याच होत्या.

याच काळातली एक काळी नोंद. आयोडाइडने पेशंटला त्रास व्हायचा, म्हणून १९३१ पासून मोनिझ थोरोट्रास्ट वापरू लागले. चित्रं अप्रतिम यायची आणि पेशंटला लगेच काही व्हायचं नाही. पण थोरोट्रास्ट म्हणजे थोरियम, किरणोत्सारी धातू. शरीर त्याला बाहेर टाकू शकत नाही. ते यकृतात, प्लीहेत जाऊन बसतं आणि आयुष्यभर किरण सोडत राहतं. वीस-तीस वर्षांनी त्या पेशंटना यकृताचे कॅन्सर होऊ लागले. जगभर ते वापरलं गेलं होतं, एकट्या मोनिझ यांनी नव्हे, आणि तेव्हा बऱ्याच जणांना ते निर्धोक वाटत होतं. तरी सुईच्या टोकाशी ते होतं, हे खरंच.

नोबेलसाठी मोनिझ यांचं नाव १९२८ मध्येच गेलं होतं. मिळालं नाही. १९३३ मध्ये परत गेलं, परत नाही. मग १९३५ आलं.

ऑगस्टमध्ये लंडनला न्यूरॉलॉजीची आंतरराष्ट्रीय परिषद होती. मोनिझ आपली अँजिओची चित्रं घेऊन गेले होते. तिथे येल विद्यापीठाच्या फुल्टन आणि जेकबसन यांनी दोन चिंपांझींची माहिती मांडली. दोघींच्या मेंदूचा पुढचा भाग काढला होता. त्यातली एक, बेकी, आधी चाचणीत चुकली की थयथयाट करायची, ती नंतर एकदम शांत झाली. दुसरीचं, लूसीचं, जवळपास उलटं झालं होतं, पण ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. मोनिझ यांच्या डोक्यात हे विचार आधीपासून होते की तिथेच आले, यावर इतिहासकार भांडत असतात. तारखा मात्र स्पष्ट आहेत. ऑगस्टमध्ये परिषद आणि १२ नोव्हेंबरला सांता मार्तामध्ये पहिली शस्त्रक्रिया. मध्ये तीन महिने.

त्यांचा तर्क असा की मानसिक आजारात ठरावीक विचार मेंदूच्या पुढच्या भागातल्या जोडण्यांत अडकून बसतात. त्या जोडण्या तोडल्या की विचार सुटतील. पहिली पेशंट ६३ वर्षांची बाई, खोल नैराश्यात. लिमांनी कवटीला दोन भोकं पाडली आणि मेंदूच्या पांढऱ्या भागात अल्कोहोल सोडलं. पुढे अल्कोहोल सोडून खास हत्यार बनवलं, ल्युकोटोम. आत घालून तार बाहेर काढायची आणि फिरवायची, म्हणजे मेंदूतला एक गोळा आजूबाजूपासून सुटतो. पहिल्या वीस पेशंटचा निकाल मोनिझ यांनी चार-पाच महिन्यांत जाहीर केला. सात बरे, सात सुधारलेले, सहा जसेच्या तसे.

इथे थांबा आणि मागचं काम आठवा. द्रावण निवडायला ज्यांनी कुत्रे, मृतदेह, तीव्रतेचे तक्ते असं सगळं पालथं घातलं, त्यांनी मेंदू कापायच्या आधी स्वतः एकाही प्राण्यावर प्रयोग केला नाही. बऱ्याच पेशंटना ऑपरेशननंतर पाहिलं ते दिवस किंवा आठवडे, वर्षं नाही. बरे म्हणजे काय, तर शांत झाले. ज्या पहिल्या बाईला बरी म्हटलं, ती मनोरुग्णालयातून घरी गेली नाही. हे पेशंट त्यांना मिळाले ते मनोविकारतज्ज्ञ सोब्राल सीद यांच्या इस्पितळातून. सीद यांनी परत आलेली माणसं पाहिली आणि पुढचे पेशंट द्यायला नकार दिला. त्यांचं म्हणणं साधं होतं. आजार गेलेला नाही, माणूस कमी झाला आहे. हे परदेशातून, वर्षांनी आलेलं शहाणपण नव्हतं. त्याच शहरात, त्याच वेळी, त्याच विषयातला माणूस हे सांगत होता. म्हणून त्या काळात कुणाला काय माहीत असणार, हा बचाव मला पटत नाही.

अर्थात दुसरी बाजू आहेच. तेव्हा मनोरुग्णालयं म्हणजे कोंडवाडे होते. औषध नावाची गोष्ट नव्हती. माणसं वर्षानुवर्षं बांधलेली, ओरडत, भिंतीवर डोकं आपटत असायची. काहीही चाललं असतं, अशी हताशा डॉक्टरांत आणि नातेवाइकांतही होती. त्यामुळेच ही शस्त्रक्रिया वणव्यासारखी पसरली. लंडनच्या त्याच परिषदेत मोनिझ यांना भेटलेले अमेरिकेचे वॉल्टर फ्रीमन यांनी १९३६ मध्ये ती तिकडे नेली, तिचं नाव लोबोटॉमी केलं आणि पुढे डोळ्याच्या खोबणीतून बर्फाच्या टोच्यासारखं हत्यार घालून काही मिनिटांत उरकायची पद्धत काढली. फ्रीमन मुळात सर्जनच नव्हते. जॉन केनेडींची बहीण रोझमेरी हिच्यावर १९४१ मध्ये ती झाली आणि ती उरलेलं आयुष्य संस्थेत राहिली. आपल्याकडेही १९४० च्या दशकात बंगळुरूच्या मानसिक रुग्णालयात ती केली गेली.

मोनिझ यांच्याबद्दल एक किस्सा नेहमी रंगवून सांगतात. लोबोटॉमी केलेल्या पेशंटनेच त्यांना गोळ्या घातल्या आणि ते पांगळे झाले, असा. ऐकायला जमतो, पण खरा नाही. १९३९ मध्ये त्यांच्या कन्सल्टिंग रूममध्ये एका स्किझोफ्रेनियाच्या पेशंटने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, हे खरं. पण त्याच्यावर ही शस्त्रक्रिया झालेली नव्हती. मोनिझ वाचले आणि कामावर परत आले. हात वाकडे होते ते गाऊटने, तरुणपणापासून.

सत्तरीजवळ निवृत्त झाल्यावरही लेखणी थांबली नाही. मधल्या काळात पत्त्यांच्या इतिहासावरही एक पुस्तक लिहून झालं होतं. फारियावर लिहिणाऱ्या माणसाला ते शोभतंच. आणि १९४९ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, नोबेल आलं. पोर्तुगालला मिळालेलं हे पहिलं नोबेल. स्वित्झर्लंडच्या वॉल्टर हेस यांच्यासोबत विभागून. पण अँजिओग्राफीसाठी नाही. ल्युकोटॉमीसाठी.

तीनेक वर्षांत क्लोरप्रोमाझिन हे औषध आलं आणि हत्यारं हळूहळू कपाटात गेली. लोबोटॉमी झालेल्यांच्या काही कुटुंबांनी पुढे हे नोबेल काढून घ्या अशी मागणी लावून धरली. ते काढून घेतलं गेलेलं नाही. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मेंदूवरची अशी शस्त्रक्रिया पेशंटची समजून दिलेली संमती आणि मंडळाची परवानगी या दोन्हींशिवाय करता येत नाही. १९३५ च्या त्या वीस जणांना कुणी काय विचारलं होतं, हा प्रश्न तुम्ही इलेक्टिव्हला बसाल तेव्हा तुमच्या सरांना जरूर विचारा. चर्चा लांबेल, पण कंटाळा येणार नाही.

मोनिझ १३ डिसेंबर १९५५ ला लिस्बनमध्ये वारले. मूलबाळ नव्हतं. अवांकाचं त्यांचं घर आता संग्रहालय आहे. १९८९ मध्ये पोर्तुगालने दहा हजार एस्कुडोच्या नोटेवर त्यांचा चेहरा छापला.